चुकणाऱ्या नायकांना ग्रंथालयाबाहेर काढू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या गावचे सार्वजनिक ग्रंथालय, पेडणे तालुका, गोवा.

सप्रेम नमस्कार.

बालविभागातली सगळी कॉमिक्स खोक्यांत भरून कोठीच्या खोलीत ठेवायची आणि यापुढे अनुदानातून एकही कॉमिक विकत घ्यायचे नाही, असा निर्णय आपण घेतला आहे. दारावर लावलेल्या सूचनेत कारण दिलेले नाही. मी विचारायला आले तेव्हा तीन कारणे तोंडी सांगण्यात आली. हे खरे वाचन नव्हे. यांतले नायक मुलांपुढे वाईट उदाहरण ठेवतात. आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, आपली पुराणेसुद्धा त्यात बिघडवली जातात. मी लेखी अर्ज दिला, त्याला उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे.

मी या ग्रंथालयाची लहानपणापासूनची सभासद आहे आणि मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मुखवटा घालणारा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मला इथेच भेटला, इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत. बहादूरही इथेच भेटला. आता माझ्या वर्गातली मुले शनिवारी शाळा सुटली की थेट तुमच्या बालविभागात येतात, किंवा यायची. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक नाही. पुस्तकांचे दुकान गाठायचे तर म्हापसा किंवा पणजी, आणि तिथे जाऊन एका कॉमिकला मोजावे लागणारे पैसे त्यांच्या घरात त्यासाठी निघत नाहीत. या मुलांना कॉमिक मिळण्याची जागा एकच होती, ती तुम्ही बंद केलीत.

नायकांच्या उदाहरणाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण तुमचा खरा आक्षेप तोच आहे असे मला वाटते.

स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो 1962 च्या ऑगस्टच्या अंकात. स्टॅन ली यांनी लिहिलेली आणि स्टीव्ह डिट्को यांनी काढलेली ती गोष्ट 11 पानांची आहे. पीटर पार्कर या शाळकरी मुलाला कोळी चावतो आणि त्याच्या अंगात अचाट बळ येते. त्या बळाचा उपयोग तो आधी टीव्हीवर खेळ दाखवून पैसे मिळवायला करतो. एक चोर त्याच्या समोरून पळत जातो, त्याला अडवणे सहज शक्य असते, पण ते आपले काम नाही म्हणून हा बाजूला उभा राहतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. ही चूक घडून 60 वर्षे उलटून गेली. मधल्या काळात लेखक बदलले, चित्रकार बदलले, आणि आज जो कोणी पीटरची पुढची गोष्ट लिहायला बसतो त्यालाही त्या रात्रीपासूनच सुरुवात करावी लागते. पीटर लोकांना वाचवतो तेव्हा त्या चुकीची भरपाई करत असतो, आणि ती कधीच पुरी होत नाही हे त्यालाही ठाऊक असते. 1973 मध्ये 121व्या अंकात त्याची मैत्रीण ग्वेन पुलावरून खाली पडते. तो जाळे फेकून तिला पकडतो आणि वाचवले म्हणून आनंदतो. पण त्या चौकटीत तिच्या मानेजवळ मान मोडल्याचा आवाज बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. वाचवणाऱ्याच्या हातूनच घात झाला. मुलाला यापेक्षा प्रामाणिक गोष्ट कोणती सांगायची? मनापासून मदत करणाऱ्याचा हातही कधी चुकतो, आणि त्यानंतरही दुसऱ्या दिवशी उठावे लागते.

आयर्न मॅनच्या ज्या अंकांवर तुमच्या एका सदस्यांनी विशेष नाराजी दाखवली, त्यांत नायक दारू पितो हे खरे आहे. 1979 मध्ये डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन यांनी ती मालिका 120 ते 128 या अंकांत लिहिली. लोखंडी चिलखत घालणारा, अमाप श्रीमंत टोनी स्टार्क पिण्याच्या आहारी जातो, माणसे दुखावतो, शेवटी एका मैत्रिणीच्या आधाराने बाटली खाली ठेवतो. तिथे गोष्ट संपवली असती तर ती बोधकथा झाली असती. पण काही वर्षांनी दुसऱ्या लेखकाच्या हाती तो पुन्हा घसरला, 1983 मध्ये त्याचे चिलखत त्याच्या मित्राला, जेम्स रोड्सला अंगावर चढवावे लागले, आणि टोनी कंपनीही गमावून रस्त्यावर आला. गोष्ट पुढे चालू राहिली म्हणूनच हे सांगता आले. दारू सुटते आणि पुन्हा लागते, हे ज्या घरांनी भोगले आहे त्या घरांतल्या मुलांना ते कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते?

कॅप्टन हॅडॉकबद्दलही हेच. 1941 मध्ये तो टिनटिन या तरुण बातमीदाराच्या गोष्टीत आला तेव्हा स्वतःच्याच जहाजावर दारूत बुडालेला होता, आणि त्याचा दुय्यम अधिकारी त्याला तसाच ठेवून खेकड्याच्या डब्यांतून अफू नेत होता. हाच माणूस तिबेटातल्या गोष्टीत, टिनटिनचा जीव वाचावा म्हणून, आपण लटकत असलेला दोर कापायला तयार होतो. माझ्या वर्गातून गेलेल्या एका मुलाने ही दोन पुस्तके वाचून मला विचारले होते, ‘बाई, हा चांगला की वाईट?’ त्याच्या घरची परिस्थिती मी इथे लिहिणार नाही. एवढेच सांगते की तो प्रश्न त्याने हॅडॉकबद्दल विचारला म्हणून आम्हा दोघांना त्यावर बोलता आले. घरातल्या माणसाबद्दल तो तसे कधी विचारू शकला नसता.

वर्गात मी कॉमिक्स वापरते त्याचेही कारण सांगते. कॉमिकमध्ये संवादाचा फुगा वेगळा असतो आणि मनातल्या विचाराचा, ढगासारखा, वेगळा असतो. मुखवट्याआड स्पायडर-मॅनचा चेहरा दिसत नाही. संवादाच्या फुग्यात तो शत्रूची थट्टा करत असतो आणि ढगात भाड्याची, काकूच्या औषधांची, मरणाची भीती असते. माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असते दुसरे, हे चौथीतल्या मुलाला एकाच चौकटीत डोळ्यांनी दिसते. मग मी मुलांना धड्यातल्या माणसांसाठी असे ढग काढायला सांगते. शिवाय दोन चौकटींमध्ये जी पांढरी जागा असते, तिथे काय घडले ते वाचणाऱ्याने स्वतः जुळवायचे असते. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत दार बंद झालेले. मधे काय झाले, यावर माझ्या वर्गात भांडणे होतात, पुरावे दिले जातात, मागची पाने उलटली जातात. याला वाचन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे, हे समितीने मला समजावून सांगावे.

खरे वाचन कोणते, हा वाद जगाने केव्हाच मागे टाकला आहे. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांची हिटलरच्या छळछावणीतली कहाणी उंदीर आणि मांजरांच्या रूपांत कॉमिकमध्ये मांडली आणि 1992 मध्ये तिला पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला. त्यातही वडील देवमाणूस नाहीत. छावणीतून वाचलेला हा माणूस चिक्कू आहे, आणि दुसऱ्या वंशाच्या माणसाला गाडीत घेतले म्हणून सुनेवर भडकतो. मुलाने बापाचे हे दोष झाकले नाहीत. आपल्या देशात ओरिजित सेन यांनी 1994 मध्ये नर्मदेच्या धरणग्रस्तांवर चित्रकादंबरी केली. पुढे त्यांनीच गोवा विद्यापीठात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या नावाच्या अध्यासनावर येऊन विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाचा बाजार चित्रांत उतरवला. ज्या लोटलीच्या मारिओंना 2012 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले गेले, त्यांच्या गोव्यात चित्र आणि शब्द एकत्र आले की ते हलके ठरावे, याचे मला दुःख होते.

नायक निर्दोषच हवा असा नियम याआधीही करून पाहिला गेला आहे. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे लिहिले, सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि 1954 मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. चांगल्याचा वाइटावर दर वेळी विजय झालाच पाहिजे, पोलीस, न्यायाधीश, सरकार यांचा मान कमी होईल असे काही दाखवायचे नाही, असे तिचे नियम. परिणाम काय झाला, ते 1971 मध्ये दिसले. सरकारच्या आरोग्य खात्यानेच विनंती केली म्हणून स्पायडर-मॅनच्या अंकांत अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखवले, तर संहितेने त्या अंकांना आपल्या मान्यतेचा शिक्का नाकारला, कारण त्या पदार्थांचा उल्लेखच चालत नव्हता. प्रकाशकाने ते तीन अंक शिक्क्याविना छापले आणि त्याच वर्षी संहितेला आपले नियम सैल करावे लागले. वर्थमचे कागदपत्र संशोधकांसाठी खुले झाल्यावर कॅरोल टिली यांनी ते तपासले, आणि त्याने मुलांच्या मुलाखतींत फेरफार केले होते, वेगवेगळ्या मुलांची बोलणी एकत्र जोडली होती, हे 2012 मध्ये जाहीर केले. ज्या भीतीपोटी एवढे सगळे झाले तिचा पाया असा होता. आपणही तीच भीती पुढे करता आहात, म्हणून हा इतिहास सांगितला.

आता ‘त्याच त्या गोष्टी’.

हा आक्षेप पेडण्यात घेतला जावा याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. आपल्या देवळांच्या जत्रांना आणि काल्यांना दशावतार होतो. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला भाग, संपून आख्यान उभे राहते तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला पुढचे सगळे माहीत असते. कर्ण मरणार, धर्मराज द्यूतात हरणार, हे कोणाला नव्याने कळत नाही. तरी पहाटेपर्यंत माणसे बसतात, कारण संवाद लिहिलेले नसतात. आजचा कर्ण कुंतीला काय उत्तर देतो ते ऐकायचे असते. काही वेळा तो रडतो, काही वेळा तिला सुनावतो, आणि दोन्ही खरे वाटतात. भरसभेत द्रौपदीचा अपमान करणारा कर्णच आपल्याला आवडतो. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणारा धर्मराज आपला आहे. निर्दोष नायकांवर रात्र जागवता येत नाही, हे आपल्या लोकांना कॉमिक्स येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

पणजीत पाटोला राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याला नाव कृष्णदास शामा यांचे आहे. केळशीच्या या माणसाने 1526 मध्ये काय लिहायला घेतले? भागवताच्या दशमस्कंधावरून श्रीकृष्णाचे चरित्र, मराठी ओवीत. ऐकलेली, माहितीतली गोष्ट आपल्या लोकांसाठी पुन्हा सांगितली. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत पुराणासारखी रचली आणि ती 1616 मध्ये रायतूरला छापली गेली. माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगणाऱ्यांवर गोव्याचे साहित्य उभे आहे. त्यांतल्या एकाचे नाव आपण राज्याच्या ग्रंथालयाला देतो आणि गावच्या ग्रंथालयात पुन्हा सांगितलेली गोष्ट म्हणजे दोष मानतो, हे मला समजत नाही.

चांदोबा वाचलेले सदस्य समितीत नक्की असतील. वेताळपंचविशीतल्या गोष्टी पंचवीस, पण चांदोबाने विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ वर्षानुवर्षे खाली उतरू दिला नाही. दर महिन्याला नवी गोष्ट, नवा पेच, राजा पुन्हा बोलून मौन मोडणार आणि वेताळ पुन्हा झाडावर. राजाला माहीत असलेले उत्तर पोटात ठेवता येत नाही, त्यावर ती सगळी मालिका चालली. ली फॉक यांनी 1936 मध्ये आणलेला जंगलातला वेताळ हा मुखवटा घालणाऱ्या वेताळांच्या घराण्यातला एकविसावा. लोकांना तो अमर वाटतो, पण मुखवट्याआड बापानंतर मुलगा येत असतो. आबिद सुरती यांचा बहादूर 1976 मध्ये आला. तो डाकूचा मुलगा, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याच्या बापाला मारले त्यानेच त्याला वाढवले. बापाची कहाणी मुलाने वेगळ्या दिशेने कशी न्यायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न. गोष्ट पुढे चालू ठेवणे म्हणजे नुसते लांबवणे नव्हे. मागच्याने करून ठेवलेले सगळे अंगावर घेऊन पुढे जाणे आहे ते. अ‍ॅस्टेरिक्सचे म्हणजे त्या फ्रेंच कॉमिक मालिकेचे लेखक गोसिनी 1977 मध्ये वारले, तर चित्रकार उदेर्झो यांनी लेखनही सांभाळले, आणि 2013 पासून नव्या जोडीने ते काम घेतले. काही पुस्तके आधीपेक्षा उणी उतरली, हे मी वाचक म्हणून म्हणेन. पण तुलना करता येते ती सगळी पुस्तके कपाटात असली तरच.

पुराणे बिघडतात म्हणणाऱ्यांना अमर चित्र कथेची आठवण देते. 1967 मध्ये ती सुरू करणारे अनंत पै कारकळचे, कोकणी घरातले. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी ती घराघरांत नेली. पुराणे माहीत नसलेल्या कितीतरी मुलांना ती तिथून कळली. तिच्यातही दोष आहेत. देव गोरे, राक्षस काळे, हा रंगांचा हिशेब मला खटकतो आणि मी तो वर्गात मुलांना दाखवते. त्यासाठी ते पुस्तक मुलांच्या हातात असावे लागते. तुमच्या खोक्यांत तीही गेली आहे. स्पायडर-मॅनला बंदी आणि सोबत कृष्णालाही.

आता या निर्णयाच्या पद्धतीबद्दल माझ्या तक्रारी.

सभासदांना न विचारता, सर्वसाधारण सभेपुढे विषय न आणता हे ठरले. विदेशी कॉमिक्सपैकी पुष्कळशी बोटीवर आणि आखातात नोकरीला असलेल्या गावातल्या माणसांनी सुट्टीवर येताना आणून ग्रंथालयाला भेट दिलेली आहेत. त्यांना कोणी कळवले नाही. खोकी भरताना मालिकांचे क्रम मोडले गेले, आणि काही सुटे अंक ‘अपूर्ण’ म्हणून रद्दीत काढल्याचे मला सांगण्यात आले. मालिकेचा मधला अंक गेला की मागचा आणि पुढचा दोन्ही वाया जातात. फाटकी पुस्तके शोभत नाहीत, असेही एक कारण कानावर आले. बालविभागात सर्वांत जास्त हाताळली गेलेली पुस्तके फाटणारच. ती शिवून घ्यावीत, चिकटपट्टी आणि वेळ मी देते.

सगळीच कॉमिक्स लहान मुलांसाठी नसतात, हेही मला मान्य आहे. 1986 मध्ये म्हाताऱ्या, चिडलेल्या बॅटमनची जी गोष्ट आली किंवा त्याच सुमारास महानायकांच्या सत्तेवरच संशय घेणारी जी मालिका निघाली, ती दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी देणार नाही. त्यांना मोठ्यांच्या कपाटात जागा आहे. वयानुसार लावणे हे ग्रंथपालाचे काम आहे, आणि ते करायला मी आणि माझ्यासारखे आणखी पालक-शिक्षक तयार आहोत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

खोकी चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी उघडावीत आणि कॉमिक्स पुन्हा खुल्या कपाटांत लावावीत. रद्दीसाठी काढलेले अंक बाहेर जाऊ देऊ नयेत, आणि गेले असतील तर कोणते गेले याची यादी लावावी. लहान मुले, कुमार आणि प्रौढ असे तीन भाग करून मालिका क्रमाने ठेवाव्यात. बालविभागाच्या दरवर्षीच्या खरेदीत कॉमिक्ससाठी ठरावीक वाटा राखावा आणि त्यात मराठी व कोकणी चित्रकथांना पहिली पसंती द्यावी. पुस्तक काढून टाकायचे असेल तर एक शिक्षक, एक पालक आणि बालविभागाचा एक नियमित वाचक यांना घेऊन छोटी समिती नेमावी, तिने ते पुस्तक आधी पूर्ण वाचावे आणि कारण लेखी द्यावे. भेट मिळालेल्या पुस्तकांबाबत देणाऱ्यांना आधी कळवावे.

आणि येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. सभेत मी बोलेन, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनीही तिथे सगळ्यांसमोर आपली बाजू मांडावी. मी ऐकून घेईन. या पत्राचे उत्तर आपण जिथे बंदीची सूचना लावलीत त्याच दारावर, मोठ्या अक्षरांत लावावे. मुले रोज तिथून जातात, त्यांनाही ते वाचता आले पाहिजे.

आपली,
ग्रंथालयाची एक सभासद व शिक्षिका
पेडणे, गोवा